‘नोंद काढणे’ म्हणजे काय?

कृत्रिम बुद्धिमत्तेचा व्यवहार आता प्रश्नांना उत्तरे देण्यापुरता उरलेला नाही. नोंदी शोधणे, पत्रे पाठविणे ही कामेही संगणकीय ‘एजंट’ करू लागले आहेत. त्यासाठी त्यांच्या हाती जी साधने दिली जातात, त्यांच्या आतील आज्ञावली त्यांना सहसा दिसत नाही. दिसते ते साधनाचे नाव, चार ओळींचे वर्णन आणि कोणती माहिती पुरवावयाची याचा तपशील. नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ या खुल्या मानकातही हीच मांडणी आहे.

साधनाची निवड होते ती या वर्णनावरून. त्यात केवळ ‘नोंद काढणे’ एवढेच लिहिले, तर नोंद दप्तरातून शोधून समोर ठेवावयाची की कायमची पुसून टाकावयाची? कचेरीतला नवखा कारकून शेजारच्या टेबलावर विचारील. एजंट मात्र पुष्कळदा एक अर्थ गृहीत धरून मोकळा होतो. ‘०३/०४/२०२५’ ही तारीख भारतात ३ एप्रिल, तर अमेरिकेत ४ मार्च ठरते.

तेव्हा साधन काय करते, केव्हा वापरावे, केव्हा वापरू नये, तारीख कोणत्या क्रमाने लिहावी आणि झालेले काम फिरविता येते की नाही, हे वर्णनात स्वच्छ सांगितले पाहिजे. ज्याला ते काम ठाऊक आहे त्याने ते लिहावे आणि ज्याला ठाऊक नाही त्याच्याकडून वाचून घ्यावे. एखाद्या विद्यार्थ्याची गुणनोंद पुसली गेल्यावर यंत्राला बोल लावून भागणार नाही. ते संदिग्ध वाक्य माणसानेच लिहिलेले असेल.