गुगलचं थेट उत्तर आलं म्हणजे जीआर आला असं नाही

गुगलवर प्रश्न टाकला की पूर्वी लिंकांची यादी यायची. एखादी उघडायची, पटली नाही तर दुसरी बघायची. आता बऱ्याच प्रश्नांना सगळ्यात वर तयार उत्तरच येतं. भारतात ही सोय ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली, आधी इंग्रजी आणि हिंदीत.

यात नवं काय? जुनं सर्च मुख्यतः शब्दाला शब्द जुळवायचं, आताचं अर्थ जुळवतं. 'कांद्याला पीळ पडलाय' असं विचारलं आणि माहितीत 'पात वाकडी होणे' लिहिलेलं असलं, तरी विषय एकच आहे हे मशीनला बहुतेक वेळा उमगतं. मग चार ठिकाणचा मजकूर घेऊन ते स्वतःच्या वाक्यात उत्तर बनवतं. आपल्या बोलीत विचारता येतं, हा फायदा मोठाच म्हणायचा.

पण अर्थ कळणं वेगळं आणि खरं-खोटं कळणं वेगळं. मे २०२४ मध्ये अमेरिकेत याच गुगलने पिझ्झ्यावरचं चीज घसरू नये म्हणून गोंद लावायला सांगितलं आणि रोज एक छोटा दगड खायलाही. दोन्ही गोष्टी नेटवरच्या थट्टेतून उचललेल्या होत्या. दगड कुणी खाणार नाही, ते सोडा. आपल्याकडची चूक इतकी उघड दिसणार नाही, अडचण तिथे आहे.

पीकविम्याचंच बघा. २०२३ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात विमा होता. त्याच्या बातम्या आणि व्हिडिओ नेटवर ढिगाने पडलेत. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली. आता विमा रकमेच्या खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्याने भरायचा. मशीनने जुना मजकूर उचलला तर उत्तर वाचायला एकदम बरोबर वाटेल, आणि माणूस खिशात एक रुपया घेऊन सीएससी सेंटरवर जाईल. शेवटची तारीख चुकली तर अख्खा हंगाम विम्याविना.

फवारणीचं त्याहून नाजूक. लिटरचं प्रमाण आणि एकराचं प्रमाण यात उत्तराने गल्लत केली तर पंपात औषध किती जाईल? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, ते विसरण्यासारखं नाही. प्रमाण डब्यावरच्या लेबलचंच धरा.

तयार उत्तर मिळालं की लोक आमच्यासारख्या पोर्टलची बातमी उघडत नाहीत, तेव्हा यात आमचाही स्वार्थ आहे, हे सांगून टाकतो. तरीही उत्तरासोबतची लिंक उघडा आणि तारीख बघा. पिकाबद्दल शंका असेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर मोफत आहे, पीकविम्यासाठी १४४४७.