पडका किल्ला पडकाच बरा

परदेशी गेलेल्या माजी विद्यार्थ्याकडे वार्षिकाच्या संपादकांनी प्रवासवर्णन मागावे, हा रिवाजच आहे. मी मात्र येथे प्रवासवर्णनाच्या निमित्ताने एक मत मांडणार आहे. ते बऱ्याच मित्रांना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे.

जर्मनीतील हायडेलबर्ग हे नेकार नदीकाठचे गाव. येथील विद्यापीठ १३८६ सालचे. आपल्या खंडोबा-बिरोबाचा आणि धनगरांच्या जीवनाचा अभ्यास करणारे ग्युंटर सोनथायमर येथेच शिकवीत. त्यामुळे गावाचे नाव मला आधीपासून ओळखीचे होते. गावाच्या माथ्यावर, डोंगराच्या उतारावर, तांबूस दगडाचा किल्ला आहे. तो माझ्या खिडकीतून रोज दिसे. पण ‘जाऊ केव्हातरी’ म्हणता म्हणता तीन महिने गेले. अखेर एका रविवारी पोळी-भाजी बांधून घेतली आणि निघालो. वर जायला डोंगरगाडी आहे, पण मी पायऱ्याच चढलो. रायगड चढलेल्या माणसाला तीनशे पायऱ्यांचे काय!

माहिती सांगणाऱ्या बाईंनी सुरुवातीलाच साल सांगितले ते १६८९. मी दचकलो. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने भावजयीच्या वारसाहक्काचे निमित्त करून या मुलखावर हात टाकला. त्याच्या फौजेने १६८९ मध्ये किल्ला उद्ध्वस्त केला आणि १६९३ मध्ये पुन्हा येऊन उरलेसुरले सुरुंगांनी उडवले. त्याच १६८९ च्या मार्चमध्ये आपल्याकडे संभाजीमहाराजांची हत्या झाली आणि नोव्हेंबरात रायगड मोगलांच्या हाती गेला. एकाच वर्षी, एकमेकांची वार्ताही नसलेल्या दोन मुलखांवर सारखाच घाला पडला होता. त्यानंतर तो किल्ला मला परका वाटला नाही.

तळघरात १७५१ सालचे, सव्वादोन लाख लिटरांच्या घरातले वाइनचे लाकडी पिंप आहे. सर्वांत जास्त गर्दी तेथेच! मी मात्र बराच वेळ एका फुटलेल्या बुरुजासमोर उभा होतो. त्याची भिंत साडेसहा मीटर जाड. सुरुंगाने तो उभा चिरला आणि त्याचा एक प्रचंड तुकडा तसाच खंदकात घसरला. तो आजही तेथेच कलंडून पडला आहे. तो उचलून कोणी जागेवर बसवलेला नाही.

का बसवला नाही? याचे उत्तर ऐकण्यासारखे आहे. १७२० मध्ये राजाने आपले बिऱ्हाड मानहाइमला हलवले, १७६४ मध्ये वीज पडून आग लागली आणि किल्ला बेवारस झाला. गावकरी येथले दगड घरे बांधायला नेऊ लागले. (हे केवळ आपल्याकडेच होते असे नाही, हे ऐकून जरा बरे वाटले!) १८१० मध्ये शार्ल द ग्रेमबेर्ग नावाचा चित्रकार येथे चित्रे काढायला आला. तो फ्रेंच होता. राज्यक्रांतीमुळे त्याच्या घराण्याने देश सोडला होता. चित्रे काढायला आलेला हा गृहस्थ १८६४ मध्ये मरेपर्यंत येथेच राहिला. त्याने दगड नेणाऱ्यांना अडवले, अवशेषांची चित्रे छापून जगाला दाखवली, विखुरलेल्या वस्तू गोळा केल्या. फ्रेंचांनी पाडलेला आणि गावानेच लुटलेला किल्ला एका फ्रेंच माणसाने राखला.

पुढे जर्मनी एक झाल्यावर ‘किल्ला पुन्हा उभारा’ अशी मागणी झाली. १८९१ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने निर्णय दिला की, आहे ते जपावे, सारे नव्याने बांधू नये. फ्रीडरिख राजाचा महाल भाजला असला तरी उभा होता. तेवढाच दुरुस्त झाला. मी तोही पाहिला. नेटका आहे. पण शेजारच्या महालाची नुसती दर्शनी भिंत उभी आहे आणि तिच्या खिडक्यांतून आभाळ दिसते. माणसे थबकतात ती तिच्यापुढे. मी माझी पोळी-भाजी तिच्यासमोरच बसून खाल्ली.

आता आपल्याकडे वळू. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्याने लागलेल्या आगीत रायगडावरील वाडे जळाले, जोती उरली. ‘ते वाडे पुन्हा उभारलेच पाहिजेत’ असे मी वक्तृत्वस्पर्धेत ठणकावून सांगितले होते आणि बक्षीसही घेतले होते. आज ते मत मी मागे घेतो. त्या जोत्यांवर आपण जे बांधू, ते शिवकालातले नसेल, आपल्या कल्पनेतले असेल. आणि त्याखाली खरे जोते, म्हणजे मोजता-अभ्यासता येणारा अस्सल पुरावा, झाकला जाईल. शिवाय १८१८ पुसून टाकण्याचा आपल्याला काय अधिकार? पराभवही इतिहासच आहे.

‘मग काय सारे ढासळू द्यायचे?’ असे कोणी विचारील. मुळीच नाही! भिंतीत शिरलेली मुळे काढणे, चुन्याने सांधे भरणे, पावसाच्या पाण्याला वाट करून देणे ही कामे दरवर्षी करावी लागतात. त्यांना टाळ्या पडत नाहीत, एवढेच. जुलै २०२५ मध्ये आपले बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. आपण मिरवणुका काढल्या. आता ही कामे कोण करणार? राष्ट्रीय सेवा योजनेचे एखादे शिबिर पुरातत्त्व खात्याच्या मार्गदर्शनाखाली जवळच्या किल्ल्यावर नेता येणार नाही का? प्राध्यापकांनी विचार करावा, अशी विनंती आहे.

एक कबुली देऊन थांबतो. नववीच्या सहलीत सर्वांत मोठ्याने घोषणा देणारा मी होतो, आणि त्याच दिवशी दरवाजाच्या आतल्या भिंतीवर खिळ्याने आपले नाव कोरणाराही मीच. सुटीत आलो की प्रथम तेथे जाणार आहे. पण ते नाव आता पुसता येणार नाही. पुसायचे म्हणजे आणखी दगड खरवडायचा.