दार उघडेना, मग घरच बांधलं!

मुलांनो, तुम्ही पोहायला कसे शिकलात? पुस्तक वाचून? छे! पाण्यात उतरावंच लागतं. आधी नाकातोंडात पाणी जातं, मग कुठे हातपाय मारता येतात.

डॉक्टरकीचंही तसंच. हाडांची नावं घरी बसून पाठ होतील, पण नाडी कशी बघायची, पोट कुठे दाबलं की दुखतं, हे रुग्णाच्या खाटेशेजारी उभं राहूनच कळतं. म्हणून तर मेडिकल कॉलेजला इस्पितळाची जोड लागते.

आता गोष्ट ऐका. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात १८५० साली काही सुधारक मंडळींनी फक्त स्त्रियांसाठी एक खासगी मेडिकल कॉलेज काढलं. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये होत्या अ‍ॅन प्रेस्टन. वयानं पस्तिशी ओलांडलेल्या, पेशानं शिक्षिका! शहरातल्या इतर कॉलेजांनी ‘बाईला प्रवेश नाही’ म्हणून त्यांना परत पाठवलं होतं. १८५१ साली त्यांच्यासह आठजणी डॉक्टर झाल्या.

पण पदवी मिळाली तरी अडचण संपेना. शहरातली इस्पितळं विद्यार्थिनींना आत घेईनात. १८५८ साली तर तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेनं ठरावच केला, की आपल्या सभासदांनी स्त्री-डॉक्टरांशी सल्लामसलत करायची नाही. आता शिकायचं कुठे?

अ‍ॅनबाई रडत बसल्या नाहीत. पैसे देऊ शकेल किंवा शब्द टाकू शकेल, अशा प्रत्येकाच्या दारी त्या गेल्या. १८६१ साली स्त्रिया आणि मुलांसाठी इस्पितळ उभं राहिलं. त्याच कॉलेजच्या एमलिन क्लीव्हलँड यांना आधी पॅरिसला धाडून बाळंतपणाचं खास शिक्षण दिलं आणि मग इस्पितळाची जबाबदारी सोपवली. तेवढ्यात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि कॉलेज वर्षभर बंद पडलं. पुन्हा सुरू झालं ते कुठे, सांगा पाहू? याच इस्पितळाच्या खोल्यांमध्ये! लेकरानंच आईला आसरा दिला म्हणा ना.

तरीही मोठ्या इस्पितळातले नाना तऱ्हेचे रुग्ण बघणं गरजेचं होतं. अखेर एका इस्पितळानं परवानगी दिली. ६ नोव्हेंबर १८६९, शनिवार. तीसेक विद्यार्थिनी तिथल्या वर्गात गेल्या. शेकडो मुलगे आधीच बसले होते. त्यांनी आरडाओरडा केला, कागदाचे बोळे फेकले, कुणी तर तंबाखू थुंकली. मुली रस्त्यावर आल्या तरी पाठ सोडली नाही. पण या मुलींनी तिथे जाणं काही सोडलं नाही. अ‍ॅनबाई तेव्हा कॉलेजच्या डीन, म्हणजे प्रमुख होत्या. त्या आपल्या मुलींच्या पाठीशी ठाम उभ्या राहिल्या.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं आम्हांला कशाला? अहो, याच कॉलेजात १८८३ साली साडी नेसलेली अठरा वर्षांची एक मुलगी दाखल झाली. आपल्या आनंदीबाई जोशी! त्यांचं बाळ दहा दिवसांचं होऊन गेलं होतं. तेव्हाच त्यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं होतं. ११ मार्च १८८६ ला त्यांना पदवी मिळाली, तेव्हा पंडिता रमाबाई समारंभाला हजर होत्या. पुढच्याच वर्षी, वयाची बावीस वर्षं पुरी होण्याआधी आनंदीबाई गेल्या. पण वाट थांबली नाही. त्याच कॉलेजातून १८९२ साली गुरुबाई करमरकर डॉक्टर झाल्या आणि त्यांनी मुंबईत अनेक वर्षं रुग्णसेवा केली.

आणखी एक गंमत. १९७० च्या सुमाराला या कॉलेजनं मुलग्यांनाही प्रवेश दिला. आज ते ड्रेक्सेल विद्यापीठात सामावलं आहे. ज्यांच्या तोंडावर दारं बंद झाली, त्यांनी बांधलेल्या घरात शेवटी सगळ्यांना जागा मिळाली!

आज रात्री जेवताना आईला, आजीला विचारा हं, ‘तुला काय शिकायचं होतं? तुला कुणी अडवलं होतं का?’ उत्तर नीट ऐका. आणि वर्गात एखादी मुलगी उत्तर द्यायला उभी राहिली आणि मागून कुणी फिदीफिदी हसलं, तर त्या शनिवारची आठवण ठेवा.

भेटू पुढच्या आठवड्यात!