आधी थर्मामीटर तपासा

मंडळी, घरात कोणाला १०५ ताप दिसला तर आपण थर्मामीटर झटकून पुन्हा लावतो. लॅपटॉपचा मात्र एक आकडा चढलेला दिसला की लगेच निकाल: ‘गेला, नवा घ्या!’ हे मला पटत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि आमच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आलं. बोनकोड्याच्या उकाड्यात काहीही तापतं म्हणा, पण हा पठ्ठ्या चार ओळी मराठी टंकतानाही पंखा गरगरवायचा आणि अचानक बंद पडायचा. जाळीतली धूळ काढून झाली. दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड बदलायला सांगितलं.

भाच्याने ‘एलएम-सेन्सर्स’ हा छोटा प्रोग्राम टाकून दिला. त्यातली ‘कोअरटेम्प’ ही ओळ म्हणजे इंटेल प्रोसेसरच्या आतल्या सेन्सरचं थेट वाचन. ‘एसीपीआयटीझेड’ ही ओळ मात्र फर्मवेअरला, म्हणजे कंपनीने बोर्डवरच्या चिपमध्ये भरून दिलेल्या प्रोग्रामला, विचारून लिहिलेली. जागा वेगळ्या, त्यामुळे थोडा फरक असतोच. पण आमच्याकडे पहिली ४८ अंश म्हणे आणि दुसरी शंभरीपार! एकाच वर्गाच्या दोन हजेरीपुस्तकांत पटसंख्या वेगळी निघाली, तर आपण मुलांना छडी मारत नाही, पुस्तकं तपासतो.

लिनक्सचा यात दोष नाही. फर्मवेअर ‘धोक्याची मर्यादा ओलांडली’ म्हणालं की मशीन वाचवायला ते सगळं बंद करतं. ही मर्यादा दुर्लक्षून चालू ठेवायची सोयही आहे, पण ते फ्यूजच्या जागी जाड तार घालण्यासारखं. कृपा करून करू नका.

खरा इलाज म्हणजे फर्मवेअरची नवी आवृत्ती. लिनक्सवर २०१५ पासून ‘एफडब्ल्यूअपडी’ नावाची सोय आहे. कंपनीने आपलं फर्मवेअर तिच्या सामायिक सर्व्हरवर ठेवलं की ते इतर अपडेटसारखंच घरपोच मिळतं. बऱ्याच कंपन्या ठेवतात. आमच्या कंपनीने दुरुस्ती केली होती, पण ती फक्त विंडोजमधून चालणारी! औषध तयार, पण दुकानाला कुलूप. भाच्याने दुसऱ्या डिस्कवर तात्पुरतं विंडोज घालून ती बसवली. आता दोन्ही आकडे पन्नाशीच्या आसपास आहेत, आणि हा लेख त्याच मशीनवर लिहितोय.

कंपन्या म्हणतील, लिनक्सवाले असे किती? पण फर्मवेअर विंडोजचं नसतं, ते मशीनचं असतं, आणि मशीनचे पैसे आपण मोजलेले असतात. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली, पोर्टलही काढलं. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने तर २००७ सालीच ‘बॉस’ नावाचं स्वतःचं लिनक्स आणलं. मग सरकारी शाळांच्या संगणक खरेदीत एवढी एक अट का नसावी: ‘फर्मवेअरची दुरुस्ती लिनक्सवरूनही करता यावी, आणि ती किती वर्षं मिळेल ते लेखी द्यावं’?

मला भाचा आहे. तीस लॅपटॉप असलेल्या खेड्यातल्या शाळेला तो नसतो. तिथे चुकीचा आकडा दाखवणारं धडधाकट मशीन सरळ भंगारात जातं. तुमच्यापैकी कोणी शाळेच्या व्यवस्थापन समितीत असाल, तर पुढच्या खरेदीच्या वेळी ही एक ओळ घालायला सांगा. आणि काय म्हणाले, तेही जरूर कळवा.