आम्हाला अडाणी म्हणण्याआधी



माकडतापाचा विषय निघाला की एकच ओरड ऐकू येते. जंगलातली माणसे अडाणी, सुईला घाबरतात, लस घेत नाहीत. याला आता उत्तर द्यायलाच हवे.

२०१६ साली दोडामार्गात केर गावच्या बाजूला माकडे मरून पडली आणि माणसे तापाने फणफणली. पुढल्या वर्षी बांद्याकडे तेच. मालवण-कुडाळकडच्या वाड्यांतून आपली माणसे काजीच्या हंगामाला तिकडेच जातात. कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात हा रोग १९५७ पासून माहीत आहे, पण आपल्याला तो माणसे पडल्यावर कळला. डिसेंबर ते मे हे त्या गोचिडीचे दिवस, आणि तेच आपले काजीचे, पातेऱ्याचे, लाकूडफाट्याचे दिवस. मेलेल्या माकडावरची गोचीड पातेऱ्यात उतरते आणि आपल्याला चावते.

लस होती. तिचा हिशोब ऐका. पहिले इंजेक्शन, महिन्याने दुसरे, सहा ते नऊ महिन्यांनी तिसरे, मग पाच वर्षे दरवर्षी एक. शिवाय दंड ठणकायचा. आमच्या वाडीतली एक आजी सिस्टरांना म्हणाली, "हात सुजलो तर काजी कोण गोळा करतलो?" तिच्या नावापुढे 'नकार' लिहून गाडी निघून गेली. अहो, तो नकार होता की प्रश्न? बुडालेली मजुरी कोण देणार, हंगामाआधी येता येईल का, एवढेच बोलायचे होते. बोलायला कोण थांबले?

खरे ते तर कोणी सांगितलेच नाही. कर्नाटकातल्या अभ्यासात निघाले होते की एका इंजेक्शनाचा उपयोग नाही, दोन घेतली तर धोका सुमारे ६२ टक्के कमी होतो, तिसऱ्याने सुमारे ८३. म्हणजे लस घेऊनही ताप येऊ शकतो. हे न सांगता टोचले, आणि घेतलेला माणूस तापाने पडला, तर वाडी म्हणणारच की फसवले. पुढे २०२२ मध्ये कर्नाटकानेच ही लस बंद केली. ती पुरेसे काम करत नाही असे तज्ञच म्हणाले. मग आजी अडाणी कशी?

आणखी एक. या जिल्ह्यात आपल्या कातकऱ्यांना 'वानरमारे' म्हणून हिणवतात. माकड मेले की पहिली नजर आमच्यावर. वर सांगतात, मेलेले माकड दिसले तर हात लावू नका, कळवा. हात लावू नये हे बरोबरच आहे. पण कळवायला फॉरेस्टच्या ऑफिसात जाणार कोण? काल मोळी हिसकावून घेतली ती तिथेच जमा आहे.

आता आपल्या माणसांना चार शब्द. एक लस कमी पडली म्हणून सगळ्या सुया वाईट होत नाहीत. कोरोनात 'लस घेतली की मूल होत नाही' ही अफवा मोबाइलवरून फिरवणारी पोरे आपलीच होती, आम्हीसुद्धा त्यात होतो. २०२२ मध्ये मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवर पसरला, मुले दगावली. त्यातल्या बहुतेकांना लस मिळालेली नव्हती. आपल्या वाडीतले एकही पोर गोवराच्या लशीवाचून राहता नये. त्यात कसला वाद नाही.

माकडतापाची नवी लस तयार होते आहे. ती आली की आम्ही घेऊ, पण आधी ग्रामसभेत या. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला, मग जंगलातल्या रोगाची गोष्ट तिला वगळून कशी होईल? किती इंजेक्शने, दुखेल किती, उपयोग किती, सगळे आमच्या बोलीत सांगा. टोचणाऱ्यांबरोबर वाडीतलीच एक बाई फिरू दे, तिला रोज द्या. मेलेल्या माकडाची खबर देणाऱ्यावर केस होणार नाही, हे लेखी हवे. आणि 'जंगलात जाऊ नका' हा सल्ला बंद करा. आम्ही जाणारच, तो आमचा हक्क आहे आणि पोटही तिथेच आहे. गोचिडीचे डीएमपी तेल डिसेंबर लागायच्या आत वाडीवर पोचवा. हाच ठराव प्रत्येक वाडीने येत्या ग्रामसभेत मांडायचा आणि सही-अंगठ्यानिशी एक प्रत आमच्याकडे पाठवायची.