डॅम्पर नवा, जॉइंट जुना, आणि पगार कापला ड्रायव्हरचा

भावांनो, साईटवर माणसं आणि सामान नेणारी कंपनीची पिकअप दिसायला मोठी रुबाबदार असते. पुढे लोखंडी बंपर, टपावर दिव्यांची पट्टी, गाडी उचललेली, टायर मोठे. आणि स्टेअरिंग? चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे फिरवलं तरी चाक जागचं हलत नाही. गॅरेजमध्ये याला 'प्ले' आलाय म्हणतात. आपण याला सरळ जिवाशी खेळ म्हणूया.

गाडीला काही झालं की फोरमनचं उत्तर ठरलेलं असतं: "तू गाडी नीट चालवत नाहीस." महिन्याच्या शेवटी पगारात कटिंग. हे उत्तर खोटं का आहे, ते पार्टच्या भाषेतच सांगतो.

टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंट यांच्यात एक गोळा वाटीत फिरतो. वर रबरी बूट, आत ग्रीस. बूट फाटला की वाळू आत जाते. वाळू आणि ग्रीस मिळून पॉलिश पेपरसारखं काम करतात, गोळा झिजतो, जॉइंट ढिला होतो. हायलक्सला स्टेअरिंग रॅक असतो, त्याच्या दोन्ही टोकांच्या बूटचंही तेच. लँड क्रूझर ७९ ला पुढे अखंड अ‍ॅक्सल आहे. तिथे स्टेअरिंग बॉक्स, ड्रॅग लिंक, टाय रॉड आणि नकलचे बेअरिंग असा सगळा कारभार. यातलं काही ढिलं झालं आणि वेगात एखादा खड्डा लागला की पुढची दोन्ही चाकं थडथडायला लागतात आणि स्टेअरिंग हातात राहत नाही.

आता कंपनी काय करते बघा. थरथर आली की नवीन स्टेअरिंग डॅम्पर बसवते. डॅम्पर थरथर दाबतो, झीज भरून काढत नाही. ताप आलेल्याला गोळी देऊन कामावर पाठवावं तसला हा प्रकार. वर 'अपग्रेड' म्हणून गाडी उचलायची, रुंद टायर टाकायचे. गाडी उचलली की टाय रॉडचा कोन बदलतो, टायर बाहेर आले की प्रत्येक दगडाचा धक्का जास्त जोराने जॉइंटवर येतो. म्हणजे जुन्याच जॉइंटवर नवा भार! जाड टाय रॉड टाकला तरी रॅक जुना असेल तर धक्का जाऊन रॅकवर बसतो. आधी दुरुस्ती, मग अपग्रेड, हा क्रम कुठलाही मिस्त्री सांगेल. एका मोठ्या टायरच्या पैशापुढे टाय रॉड एंडची किंमत किरकोळ आहे. मग प्रश्न पैशाचा आहे की आपल्या जिवाच्या किमतीचा?

"गाडी पासिंग झालीय ना?" असंही ऐकवतात. पासिंग वर्षातून एकदा. वाळू रोजची.

"वाळवंटात पार्ट जाणारच," हे तिसरं उत्तर. बरोबर आहे, जाणारच. पण वाळूने झिजणारा पार्ट ही ड्रायव्हरची चूक कशी? दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने बोलता येत नाहीत.

यूएईत असाल तर कायदा काय म्हणतो ते पाठ करा. २०२१ च्या ३३ क्रमांकाच्या कामगार कायद्यात, कलम २५ प्रमाणे नुकसानीसाठी पगार कापायचा तर नुकसान कामगाराच्या चुकीने किंवा सूचना मोडल्याने झालेलं असावं लागतं. तेही मंत्रालयाची परवानगी नसेल तर महिन्याला ५ दिवसांच्या पगारापेक्षा जास्त नाही. सगळी कारणं एकत्र केली तरी कपात पगाराच्या ५० टक्क्यांवर जात नाही. कलम ४५ मध्ये आणखी एक गोष्ट आहे: कामाच्या जागी जिवाला गंभीर धोका आहे, मालकाला तो माहीत आहे आणि तरी तो काही करत नाही, तर नोटीस न देता काम सोडता येतं. (घरच्या ड्रायव्हरांना हा कायदा लागत नाही, त्यांचा वेगळा आहे.)

यातला कळीचा शब्द 'माहीत आहे'. तोंडी सांगितलेलं कुणाला माहीत नसतं. म्हणून:

१. दर आठवड्याला दोघांनी मिळून तपासा. इंजिन चालू, चाकं जमिनीवर. एकाने स्टेअरिंग थोडं डावं-उजवं करायचं, दुसऱ्याने बाजूला उभं राहून एकेक जॉइंट बघायचा. रॉड हलतो पण पुढचा पार्ट उशिरा हलतो, तिथे झीज. मग इंजिन बंद करून चाक जॅकने उचला, खाली स्टँड लावा. चाक दोन्ही बाजूंनी धरून हलवा, मग वर-खाली धरून हलवा.

२. फाटलेला बूट, गळणारं तेल, कॅसल नटमधली गायब स्प्लिट पिन, यांचा फोटो काढा. प्लेचा व्हिडिओ घ्या.

३. तारीख, गाडी नंबर, किलोमीटर लिहून फोरमनला व्हॉट्सअ‍ॅप करा. उत्तर आलं नाही तर दोन दिवसांनी पुन्हा.

४. जॉइंटला वेल्डिंग मारून देतो म्हणाले तर नाही म्हणा. टाय रॉड बदलल्यावर अलाइनमेंट झालंच पाहिजे.

५. कोऱ्या कागदावर किंवा न समजणाऱ्या अरबी कागदावर सही नको.

आणि रागाने रूमवर जाऊन बसू नका, गैरहजेरीचा रिपोर्ट टाकतात. आधी मंत्रालयाच्या ६००५९०००० वर तक्रार नोंदवा. सल्ला हवा तर भारतीय दूतावासाचं सहाय्यता केंद्र आहे, ८०० ४६३४२.

मालकाला आपण नवी गाडी मागत नाही. चालवतोय तीच गाडी, आपण वळवू तिकडे वळावी, एवढंच मागतोय. तेवढंही जो देत नाही, त्याला आपल्या पगाराला हात लावायचा हक्क नाही.