फोटो झाला, आता पुस्तक!

"काहो ताई, नाटकाले येता ना? गाडी ठरवून ऱ्हायलो आमी!"

अमरावतीला एखादं गाजलेलं नाटक लागलं, किंवा आवडता लेखक व्याख्यानाला यायचा झाला, की आमच्या अकोल्यात अशी फोनाफोनी सुरू होते. अंतर शंभरेक किलोमीटरचं. २०२२ च्या जूनमध्ये याच मार्गावर साधारण १०५ तासांत ७५ किलोमीटरचं डांबरीकरण झालं आणि गिनीज बुकात विक्रम नोंदला गेला. तेव्हापासून तर "आता काय, हा गेलो अन् हा आलो," असं घरी सांगायची आम्हाला सोयच झाली! दोन वेळचा स्वयंपाक सकाळीच उरकायचा, सासूबाईंच्या गोळ्या काढून ठेवायच्या, मुलांना दटावायचं आणि निघायचं. कार्यक्रम संपला की लेखकाभोवती, नटनट्यांभोवती गराडा. सही, फोटो, पुन्हा एक फोटो. घरी पोचायच्या आत तो फोटो साऱ्या नातेवाइकांच्या मोबाइलवर गेलेला असतो.

पुरुषमंडळी याला 'बायकांची हौस' म्हणून हसतात. मी हसत नाही. कारण हे वेड आजचं नाही. १९१२ साली अकोल्यात साहित्य संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्ष होते हरिभाऊ आपटे. 'पण लक्षात कोण घेतो?' मधल्या यमूचं दुःख लिहिणारा लेखक आपल्या गावात आला होता! त्या मांडवात किती बायका बसल्या असतील आणि किती जणींनी माजघरातूनच ती बातमी ऐकली असेल, कोण जाणे. १९८१ साली अकोल्यात पुन्हा संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष गो. नी. दांडेकर, म्हणजे परतवाड्यात जन्मलेला आपलाच माणूस. १९८९ मध्ये संमेलन अमरावतीला आलं. हरिभाऊंच्या काळी माजघरात असलेली बाई आज स्वतः गाडी ठरवून जाते, ही साधी गोष्ट नाही.

तरीही एक प्रश्न मला अलीकडे छळतो. आपण लेखकाला भेटून येतो, की नुसतं पाहून येतो?

महेश एलकुंचवारांचंच घ्या ना. जन्म यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचा. त्यांच्या 'वाडा चिरेबंदी'तलं धरणगावचं देशपांड्यांचं घर पाहिलं की वऱ्हाडातल्या प्रत्येकीला आपलं माहेर नाहीतर सासर आठवतं. तात्याजी गेलेले, तेरवीच्या खर्चाची चिंता, दाराशी गंजत पडलेला ट्रॅक्टर आणि मोठेपणा तेवढा शिल्लक. १९८५ मध्ये विजया मेहतांनी ते बसवलं. पुढे 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' आली, आणि १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी तिन्ही नाटकं सलग सादर केली. आठ-नऊ तासांचा प्रयोग! गेल्या दशकात त्यांनीच 'वाडा' पुन्हा रंगमंचावर आणलं, तेव्हा निवेदिता सराफ वहिनी झाल्या. मालिकेतली आवडती नटी आपल्या वऱ्हाडातली सून होणार म्हटल्यावर बायका हरखणारच.

नवा प्रयोग, नवा सिनेमा आला की आपण धावतो, याचं कारण मला आपल्या दिनक्रमात दिसतं. पुस्तक वाचायला एकटीचा वेळ लागतो, तोही सलग. आपला वेळ तुकड्या-तुकड्यांचा. कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधला! नाटक मात्र चौघीजणींनी मिळून बघता येतं आणि 'तिकीट काढलंय' म्हटलं की घरचेही फार अडवत नाहीत. म्हणून कित्येक जणींच्या आयुष्यात साहित्य येतं ते रंगमंचावरून आणि पडद्यावरून. त्यात कमीपणा काही नाही.

पण या वाटेला मर्यादा आहे. नेपथ्य, नट, तंत्रज्ञ असा सगळा संसार घेऊन मुंबई-पुण्याहून वऱ्हाडात यायचं म्हणजे निर्मात्याला खर्च किती! आठ-नऊ तासांची ती नाट्यत्रयी काही गावोगाव फिरणार नाही. शिवाय प्रत्येक दिग्दर्शक आपल्या नजरेनं नाटक दाखवतो. काय ठेवलं, काय गाळलं, हे ओळखायचं तर मूळ शब्द आपल्या हाती हवेत. ते असतात पुस्तकात, आणि पुस्तक वाचनालयात मिळतं.

हे मला माझ्याच कॉलनीत उमगलं. आम्ही सहा जणी. भिशीच्या दुपारी 'वाडा' मोठ्यानं वाचायचं ठरवलं, भूमिका वाटून. संवाद वऱ्हाडी वळणाचे, त्यामुळे कुणाची जीभ अडखळली नाही. एरवी सिनेमात, मालिकेत आपली बोली आली की हसवायलाच येते. इथे त्याच बोलीत माणसं रडतात, भांडतात, गप्प होतात. वहिनीचं काम शेजारच्या काकूंकडे होतं. रात्री एकटीच वहिनी घराण्याचे दागिने अंगावर घालते, त्या प्रसंगाशी आलो आणि काकू थांबल्या. पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं. म्हणाल्या, "मायाबी पाटल्या अशाच गेल्या. नणंदेच्या लग्नात. कोनाले सांगतलं नाही आजवर."

चहा गार झाला, पण कुणी उठलं नाही. प्रयोग पाहून आल्यावर आम्ही साड्यांवर बोललो होतो, पाटल्यांवर नाही.

त्याच नाटकात रंजू आहे. सिनेमानं झपाटलेली पोरगी. घरातले दागिने घेऊन शिकवणीच्या मास्तरासोबत मुंबईला पळून जाते. आणि तिची आत्या प्रभा शिकायचं राहून गेलं म्हणून कुढत बसलेली. एकीला झगमगाट दिसला, दुसरीला पुस्तक मिळालं नाही. मला वाटतं, आपण बऱ्याच जणी या दोघींच्या मधे कुठेतरी उभ्या आहोत.

गंमत म्हणजे लेखकाभोवतीच्या गर्दीवरही एलकुंचवारांनी लिहून ठेवलंय. 'पार्टी' हे त्यांचं नाटक. गोविंद निहलानींनी १९८४ मध्ये त्यावर हिंदी सिनेमा केला. दमयंती राणे या श्रीमंत बाईंच्या घरी एका पुरस्कारप्राप्त लेखकाच्या सन्मानार्थ मेजवानी असते. सिनेमात दमयंती झाल्या विजया मेहता. सगळे लेखकाभोवती जमलेले, पण साऱ्यांच्या बोलण्यात राहून राहून येतो तो तिथे न आलेला एक कवी. मानमरातब, ओळखीपाळखी, आणि त्यात लिहिणं कुठे आहे ते शोधावं लागतं. आपला गराडाही तसाच झाला तर?

दोष सगळा आपला नाही, हेही सांगायला हवं. अकोल्याचं प्रमिलाताई ओक सभागृह घ्या, अमरावतीचं सांस्कृतिक भवन घ्या, नाहीतर कुठलंही. पुढच्या रांगा मान्यवरांच्या, सत्कार अर्धा-पाऊण तास, आणि 'प्रश्नोत्तरं' म्हणेस्तोवर रात्रीचे साडेनऊ. तेव्हा बाईचं लक्ष घड्याळाकडे असतं. माइक फिरतो तो पुरुषांच्याच रांगांतून, आणि प्रश्न विचारण्याऐवजी भाषणंच होतात! बाईच्या वाट्याला उरतो तो फोटो.

पण माइक हाती आला तर आपली बाई काय करू शकते, ते २०१९ मध्ये यवतमाळच्या संमेलनात साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं. शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर एकटीनं संसार ओढणाऱ्या वैशाली येडे यांनी त्या संमेलनाचं उद्घाटन केलं. शेतकऱ्यांच्या मागे राहिलेल्या बायकांवरच्या 'तेरवं' नाटकात त्यांनी कामही केलेलं. मोठमोठे साहित्यिक समोर बसून ऐकत होते.

तेव्हा मैत्रिणींनो, गाडी जरूर ठरवा, फोटोही काढा. फक्त जायच्या आधी पुस्तक वाचून जा. एकटीला जमत नसेल तर भिशीत वाचा. आयोजकांना चार-चौघींनी मिळून सांगा, की कार्यक्रम दुपारी तीनला ठेवा आणि प्रश्नांना वेळ आधी द्या, सत्कार मग करा. आणि जाताना निदान एक प्रश्न सोबत न्या.

काकूंनी त्यांचा प्रश्न वाचनालयाच्या पुस्तकात ठेवायच्या चिठ्ठीवर लिहून ठेवलाय. परवा मला दाखवला: "भास्कर, सुधीर, चंदू, अंजली, प्रभा, रंजू. सगळ्याईले नावं हायत. घर सांभाळनाऱ्या वहिनीलेच काऊन नाही?"

लेखक भेटतील तेव्हा विचारणार आहेत. मी म्हटलं, मी माइक धरते.